न्यायाच्या अनेक चावड्या: विधिबहुलता आणि जागतिकीकरण

आधुनिक राज्यसंस्थेच्या कल्पनेत कायद्याचा उगम एकच असतो. विधिमंडळाने केलेला, न्यायालयाने अर्थ लावलेला आणि पोलिसांनी अमलात आणलेला तेवढा कायदा, बाकी सारे रूढी, रीत, धर्म किंवा निव्वळ दांडगाई, अशी विभागणी विधी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. प्रत्यक्षात कोणत्याही समाजातला माणूस एकाच वेळी अनेक नियमव्यवस्थांच्या कक्षेत वावरतो. त्याच्या लग्नाला जात किंवा धर्मसंस्था मान्यता देते, त्याच्या धंद्याला बाजाराचा रिवाज लागू होतो, त्याच्या जमिनीवर महसूल कायदा आणि भावकीची समजूत असे दोघेही हक्क सांगतात, आणि त्याच्या राज्याने केलेल्या वीजखरेदीच्या कराराचा निवाडा परदेशातल्या लवादापुढे होऊ शकतो. एकाच सामाजिक क्षेत्रात एकाहून अधिक कायदेव्यवस्था एकमेकींना छेदत नांदत असतात, या स्थितीला कायद्याच्या समाजशास्त्रात विधिबहुलता म्हणतात. जागतिकीकरणाच्या रेट्याखाली ही बहुलता विरून जगभर एकसारखा कायदा येईल, असा अंदाज गेल्या शतकाच्या अखेरीस अनेकांनी बांधला होता, पण झाले ते वेगळेच: जुने थर टिकून राहिले आणि त्यांच्यावर नवे चढले. त्यामुळे आता कायदे किती आहेत यापेक्षा, वाद कोणत्या कायद्यापुढे न्यायचा हे ठरवण्याची ताकद कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या विचाराचा आरंभ बहुधा ऑयगेन एर्लिख याच्यापासून धरला जातो. ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बुकोविना प्रांतात, चेर्नोविट्स येथील विद्यापीठात तो रोमन कायदा शिकवत असे. व्हिएन्नाची नागरी संहिता सगळ्या प्रांताला सारखीच लागू असूनही तेथील रुमानियन, युक्रेनियन, जर्मन, ज्यू आणि जिप्सी कुटुंबे वारसा, हुंडा, मुलांची कमाई यांसारख्या बाबींत आपापल्या चालीने वागतात, हे त्याने पाहिले आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘जिवंत कायदा’ ही संकल्पना मांडली. जिवंत कायदा म्हणजे लोक ज्याला बंधनकारक मानून प्रत्यक्ष व्यवहार करतात तो, मग संहितेत त्याचा उल्लेख असो वा नसो. पुढे मालिनोव्स्कीने १९२६ मध्ये ट्रोब्रिआंड बेटांवरील समाजाविषयी लिहिताना न्यायालय आणि तुरुंग नसलेल्या समाजातही देण्याघेण्याच्या परस्परबंधनातून कायद्याचे काम कसे चालते हे दाखवले, आणि मानववंशशास्त्रज्ञांना एक मोठे दालन खुले झाले.

संकल्पनेला काटेकोर रूप मात्र १९८६ मध्ये जॉन ग्रिफिथ्स यांच्या निबंधाने दिले. राज्यच जेव्हा वेगवेगळ्या समूहांसाठी वेगवेगळे कायदे मान्य करते, उदाहरणार्थ हिंदूंना एक विवाहकायदा आणि मुस्लिमांना दुसरा, तेव्हा ती त्यांच्या मते दुर्बल बहुलता होय, कारण तेथे मान्यतेची किल्ली अखेर राज्याच्याच हाती असते. राज्याच्या संमतीची वाट न पाहता नियमव्यवस्था चालू राहतात, ती सबळ बहुलता. यावर ब्रायन तमनहा यांनी घेतलेला आक्षेप आजही उभा आहे. लोक पाळतात तो प्रत्येक नियम कायदाच म्हणायचा, तर शिष्टाचार, गृहनिर्माण सोसायटीचे नियम आणि गुंडांच्या टोळीचा दंडक यांना कायद्यापासून वेगळे कशाने करायचे? या वादातून व्यवहार्य वाट सॅली फॉक मूर यांनी १९७३ मध्येच दाखवून ठेवली होती. न्यूयॉर्कमधील तयार कपड्यांचा धंदा आणि किलिमांजारोच्या उतारावरील चग्गा समाज या परस्परांशी काही संबंध नसलेल्या दोन क्षेत्रांचा अभ्यास करून, अशा क्षेत्रांना स्वतःचे नियम करून ते पाळायला लावण्याचे बळ असते, पण बाहेरच्या मोठ्या व्यवस्थेच्या हस्तक्षेपाला ती खुलीही असतात, असे त्यांनी मांडले. त्यांनी या क्षेत्रांना अर्धस्वायत्त म्हटले. व्याख्येच्या वादापेक्षा हे एक विशेषण अभ्यासकांना अधिक उपयोगी पडले, असे मानायला जागा आहे.

वसाहतवाद हे कायद्याचे पहिले मोठे जागतिकीकरण होते आणि भारत ही त्याची सर्वांत विस्तीर्ण प्रयोगशाळा होती. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार बंगालमध्ये विवाह, वारसा, जात आणि धर्मसंस्था यांविषयी मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावण्याचे ठरले. कायदा हा ग्रंथातच असणार, ही युरोपीय समजूत त्यामागे होती. त्यामुळे पंडित आणि मौलवी नेमून ग्रंथांची भाषांतरे करवून घेण्यात आली आणि ज्या जातींनी ते ग्रंथ कधी पाहिलेही नव्हते त्यांनाही ते लागू झाले. मुंबई इलाख्यात गोष्ट थोडी निराळी घडली. पेशवाईतला न्याय ग्रंथापेक्षा सभेवर आधारलेला होता. वतनाचा किंवा वडीलपणाचा तंटा गावच्या गोतसभेपुढे, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार आणि सजातीय यांच्या बैठकीपुढे येई, साक्षी होत, क्वचित दिव्यही करवले जाई, आणि निवाड्याच्या महजरावर उपस्थितांच्या सह्या आणि निशाण्या पडत. पाटलाच्या नावापुढे नांगराची आकृती काढलेली असे. १८१८ नंतर हा मुलूख हाती आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पंचायतीची पद्धत शक्य तितकी राखावी असे वाटत होते, आणि दख्खनमधील जातींचे रिवाज जातींच्याच लोकांना विचारून लिहून काढण्याचे काम आर्थर स्टील याच्याकडे सोपवले गेले. त्याचा संग्रह १८२७ मध्ये छापला गेला. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम २६ ने दिवाणी न्यायालयासाठी जो क्रम घालून दिला तो मुद्दाम पाहण्याजोगा आहे: प्रथम पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने, ती नसल्यास ज्या प्रदेशात दावा उद्भवला तेथील वहिवाट, ती नसल्यास प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच न सापडल्यास न्याय, समता आणि सद्सद्विवेक. रूढीला ग्रंथाच्या वर बसवणारी ही उतरंड बंगालच्या अगदी उलट होती.

तरीही रूढीचा हा मान शेवटी न्यायालयाच्या हाती गेला, आणि तिथेच तिचे रूप पालटले. १८२७ च्याच दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयाने पडू नये असे सांगितले होते, आणि त्यामुळे कोणाला वाळीत टाकावे, कोणाला पंगतीत घ्यावे हे बव्हंशी जातीकडेच राहिले. पण मालमत्ता, विवाह आणि गुन्हा यांच्याशी गाठ पडली की न्यायालय मध्ये येई. काडीमोड आणि पाट या प्रथा याचे चांगले उदाहरण आहेत. दख्खनमधल्या अनेक जातींत स्त्रीला जातीच्या संमतीने पहिले लग्न मोडून दुसऱ्या पुरुषाशी पाट लावता येत असे. ब्राह्मणी शास्त्राला हे मंजूर नव्हते, पण स्टीलच्या संग्रहात त्याची नोंद आहे. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणात असे ठरवले की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. स्वतःच्या पंचांच्या समक्ष काडी मोडून बाहेर पडलेल्या स्त्रीवर नव्या कायद्यात द्विविवाहविरोधी कलमाखाली खटला उभा राहू शकत होता. सुधारणेच्या नावाने आलेल्या व्यवस्थेत तिचे स्वातंत्र्य काही बाबतींत आखडले, हे मान्य केल्याशिवाय या काळाचा हिशेब पुरा होत नाही. मार्क गॅलँटर यांनी स्वतंत्र भारतात देशी कायद्याचे पुनरुज्जीवन का झाले नाही याचा शोध घेताना काढलेला निष्कर्षही याच धर्तीचा आहे: वासाहतिक न्यायालयांनी देशी कायदा नष्ट केला नाही, आपल्या कागदपत्रांत ओढून घेऊन त्याला वेगळाच पदार्थ बनवले.

स्वातंत्र्यानंतरच्या संहितेने हा धागा तोडला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला, मात्र त्याच कायद्यानुसार रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या महाराष्ट्रातील एका द्विभार्या खटल्यात, गांधर्व पद्धतीने लावलेल्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाली नव्हती आणि त्या वगळण्याची रूढी सिद्ध झाली नव्हती, म्हणून ते लग्नच नव्हे, आणि लग्न नाही म्हणून गुन्हाही नाही, असा निकाल लागला. गावकऱ्यांनी अलीकडे हे विधी सोडून दिले, एवढ्याने रूढी बनत नाही, ही न्यायालयाची भूमिका तर्कशुद्ध होती. पण एर्लिखच्या अर्थाने जिवंत असलेला कायदा बदलत राहतो म्हणूनच जिवंत असतो, आणि राज्याचा कायदा त्याला मान्यता देतो ती तो गोठलेला असल्याचे सिद्ध झाल्यावरच. या खटल्यात त्याचा फायदा पुरुषाला झाला, पहिल्या पत्नीला नाही.

गोव्याची वाट पोर्तुगीज राज्यामुळे निराळी पडली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि १९६१ नंतर भारतीय संसदेने १९६२ च्या कायद्यान्वये ती चालू ठेवली. विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होण्याचे तिचे तत्त्व आणि वारसांचा राखीव हिस्सा यांमुळे गोव्याचे नाव समान नागरी कायद्याच्या प्रत्येक चर्चेत आदराने घेतले जाते. मात्र १८८० च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांना त्या संहितेतही जागा दिली होती आणि त्यात अपत्य किंवा पुत्र नसल्यास विशिष्ट वयानंतर दुसऱ्या विवाहाची मुभा देणारे अपवाद होते, हे राजकीय भाषणांतून सहसा वगळले जाते. शिवाय गावकारी किंवा कोमुनिदाद ही जमिनीच्या सामाईक मालकीची प्राचीन संस्था १५२६ च्या फोरालने, म्हणजे रिवाजांच्या सनदेने, पोर्तुगिजांनी मान्य केली आणि ती आजही स्वतःच्या संहितेखाली चालते. युरोपातून आलेला ‘समान’ कायदा आणि त्याच्या पोटात सांभाळलेले अपवाद, असे हे मिश्रण आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो गोमंतकीयाच्या मुंबईतल्या मालमत्तेचा. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही पोर्तुगीज संहितेचाच वारसा नियम लागू होतो आणि संसदेने स्वीकारल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे, असे न्यायालयाने सांगितले. लिस्बनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला नियम मुंबईतल्या मालमत्तेच्या वाटणीला लागतो आणि त्याला कोणी परदेशी कायदा म्हणत नाही.

बहुलता इथवर भूतकाळाच्या वारशातून आलेली दिसते. १९८० नंतर संशोधनाचा रोख बदलला. बोआव्हेंतुरा द सौझा सांतोस यांनी स्थानिक, राष्ट्रीय आणि जागतिक अशा तीन प्रमाणांवर आखलेल्या कायदेव्यवस्था माणसाच्या एकाच व्यवहारात एकमेकींवर कशा चढतात ते दाखवले. गुंथर टॉयबनर यांनी १९९७ मध्ये ‘जागतिक बुकोविना’ अशी लक्षवेधी मांडणी केली: एर्लिखने साम्राज्याच्या कडेला जे पाहिले ते आता जगाच्या केंद्रात घडत आहे, फक्त जिवंत कायदा खेड्यातून न येता व्यापारी, तांत्रिक आणि क्रीडाविषयक जाळ्यांतून येतो. लोझानमधील क्रीडा लवाद न्यायालय, इंटरनेटवरील नावांच्या तंट्यांसाठी १९९९ पासून चालत आलेली कार्यपद्धती, मोठ्या व्यापारी संघटनांची प्रमाणित करारपत्रे, ही त्याची रूपे होत. लिझा बर्नस्टाइन यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या हिरे बाजारात न्यायालय टाळून चालणाऱ्या लवादाचे आणि पत-प्रतिष्ठेचे वर्णन केले. वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजाराशी किंवा आंगडियांच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना त्यात नवे असे फारसे वाटणार नाही. टॉयबनर यांच्या मांडणीत एक उणीव मात्र आहे. खेड्यातल्या जिवंत कायद्यामागे गोत आणि भावकी उभी असे, जागतिक व्यापारी कायद्यामागे मात्र राज्येच उभी आहेत, कारण लवादाचा निवाडा अमलात आणायला शेवटी कुठल्यातरी देशाचे न्यायालय लागते. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने ते बंधन राज्यांवर घातले आणि भारताने १९९६ च्या लवाद कायद्यात ते सामावून घेतले.

हा थर महाराष्ट्राने किती जवळून अनुभवला याची साक्ष दाभोळ प्रकल्प देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांच्या दाभोळ पॉवर कंपनीने वीज निर्माण करावी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने ती घ्यावी, असा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. राज्य सरकारने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी दिली आणि तंट्यासाठी लंडनमधील लवाद ठरला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, कंपनीने लंडनचा रस्ता धरला, राज्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि काही महिन्यांत दोघांनीही पाऊल मागे घेऊन सुधारित करार केला. २००१ मध्ये मंडळाने महाग वीज घेणे थांबवले तेव्हा एकाच तंट्याने किती चावड्या गाठल्या ते पाहावे: लंडनचा लवाद, महाराष्ट्र वीज नियामक आयोग, मुंबई उच्च न्यायालय, अमेरिकी गुंतवणूक विमा महामंडळाविरुद्धचा अमेरिकेतील लवाद, आणि भारत व मॉरिशस यांच्यातील गुंतवणूक संरक्षण करार, कारण प्रवर्तकांची गुंतवणूक मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत आली होती. ज्या बेटावर एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेले मजूर उसाच्या मळ्यांत राबले, त्याच्याशी झालेल्या कराराच्या आधारे कोकणातल्याच प्रकल्पाबद्दल भारत सरकारवर दावे यावेत, हा योगायोग असला तरी जागतिक कायद्याचा भूगोल कसा बनतो ते त्यातून कळते. २००५ मध्ये तडजोडी झाल्या आणि प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या पुढाकाराने उभारलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला.

याच प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गुहागर परिसरातील गावकऱ्यांसाठी यांपैकी एकही चावडी उघडी नव्हती. मासेमारी, पाणी आणि जमीन यांविषयीच्या त्यांच्या तक्रारींना सामोरा आला तो मुंबई पोलीस कायद्याखालचा जमावबंदीचा आदेश, अटक आणि स्थानिक दंडाधिकारी. कामगार संघटनेने उच्च न्यायालयात कराराला दिलेले आव्हानही टिकले नाही. गुंतवणूकदाराला करार करतानाच आपले न्यायालय लिहून घेता येते. ज्याच्या गावात प्रकल्प येतो त्याला त्या कागदावर जागाच नसते. जागतिक विधिबहुलतेविषयीच्या लेखनात ही विषमता पुष्कळदा तळटीपेत जाते, वस्तुतः ती विषयाच्या मध्यभागी हवी.

राज्यसंस्थाही या चक्रात नेहमीच जिंकते असे नाही. कोल इंडियाविरुद्ध मिळालेल्या लवाद-निवाड्याच्या अंमलबजावणीत भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे गेली, म्हणून व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने थेट भारत सरकारवर दावा लावला. भारत-ऑस्ट्रेलिया करारात नसलेले ‘परिणामकारक न्यायसाधन’ पुरवण्याचे वचन, सर्वाधिक अनुग्रहाच्या कलमाचा आधार घेऊन, भारत-कुवेत करारातून उचलून आणले गेले आणि २०११ मध्ये न्यायाधिकरणाने भारताला दोषी ठरवले. भारतातील कोणत्याही सामान्य पक्षकाराला न्यायालयीन विलंबासाठी अशी भरपाई मागता येत नाही. त्यानंतर केंद्राने २०१५ मध्ये नवा नमुना करार तयार केला, त्यात गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतीय न्यायमार्ग धुंडाळावेत अशी अट घातली, आणि बहुतेक जुने करार संपुष्टात आणण्याच्या नोटिसा दिल्या.

जागतिक कायद्याचा दुसरा प्रवाह मानवी हक्कांचा. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला, पण कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला अनुसरूनच विवाहविषयक कलमे पाळू, असे निवेदन जोडून. म्हणजे व्यक्तिगत कायद्यांची देशांतर्गत बहुलता जागतिक दस्तऐवजातही शिरली. त्याच कराराचा आधार घेऊन १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सॅली एंगल मेरी यांनी अशा प्रवासाचा अभ्यास करताना मधल्या माणसांवर भर दिला: जिनिव्हा आणि न्यूयॉर्कची हक्कांची परिभाषा वस्तीतल्या स्त्रीला समजेल अशा रीतीने मांडणारे आणि वस्तीतले दुःख वरच्या परिभाषेत नेणारे कार्यकर्ते नसतील, तर करार कपाटात राहतो.

या प्रवाहाचे सर्वांत बोलके उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे आहे. डोंगरिया कोंध आदिवासी ज्याला नियमराजा या आपल्या देवाचे ठिकाण मानतात त्या डोंगरमाथ्यावरचे बॉक्साइट त्या वेळी लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या वेदांत समूहाला आपल्या लांजीगढ येथील शुद्धीकरण कारखान्यासाठी हवे होते. विरोध एकाच वेळी अनेक थरांतून उभा राहिला. नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने आपल्या नीतिविषयक परिषदेच्या सल्ल्याने २००७ मध्ये कंपनीतील गुंतवणूक काढून घेतली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली झालेल्या तक्रारीवर ब्रिटनच्या संपर्क केंद्राने २००९ मध्ये कंपनीविरुद्ध निष्कर्ष नोंदवला. २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले शेअर विकले, आणि त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनपरवानगी नाकारली. यांपैकी पहिल्या तिन्हींना कायद्याचे बळ नव्हते, त्यांना सौम्य कायदा म्हणजे बंधन नसलेला पण अब्रूवर परिणाम करणारा नियम म्हणता येईल. निर्णायक ठरला तो २००६ चा वनहक्क कायदा. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरील धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असे सांगितले, आणि निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, खाणीला नकार दिला. नियमराजाचा अधिकार, ग्रामसभेचा ठराव, संसदेचा कायदा आणि ओस्लोतील नीतिपरिषद एका दिशेने ओढू लागल्या तेव्हाच हे घडले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबूच्या विक्रीसाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडून आपल्याकडे घेतला, त्यात जागतिक संस्थांचा वाटा नव्हता. अनेक वर्षांची सर्वसहमतीने निर्णय घेण्याची गावाची सवय त्यामागे होती. हक्क कागदावर आल्यावर तो वापरणारी सभा आधीपासून भरत असावी लागते, एवढे या दोन उदाहरणांत समान आहे.

माणसांच्या स्थलांतराने तिसरा थर घातला. परदेशात स्थायिक झालेल्या पतीने तेथील न्यायालयातून एकतर्फी घटस्फोट आणावा आणि इथल्या पत्नीला टपालाने कळावे, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात सांगितले की, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाचा आणि आधारांचाच निकाल येथे सर्वसाधारणपणे मानला जाईल. अमेरिकेत वैध आणि पुण्यात अवैध असा घटस्फोट त्यामुळे संभवतो. उलट दिशेचे उदाहरण बेने इस्रायलींचे आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या या मराठीभाषी ज्यूंना तेथे ऑटोमन काळापासून आलेली व्यवस्था भेटली, जिच्यात विवाह पूर्णतः धार्मिक न्यायालयांच्या हाती असतो. इतर ज्यूंशी विवाह करताना त्यांच्या मातृवंशाची तपासणी करावी, असे निर्देश मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये काढले. कोकणात शनवार पाळून पिढ्यान्‌पिढ्या ज्यू म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजाला ज्यूंच्याच राज्यात आपले ज्यूपण सिद्ध करण्याची वेळ आली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला, संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि निर्देशातून त्यांचा नामोल्लेख काढला गेला.

केबेट फॉन बेंडा-बेकमन यांनी १९८१ मध्ये पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजाविषयी लिहिताना पक्षकार आपल्याला सोयीचे न्यायपीठ शोधतात हे दाखवले, आणि न्यायपीठेही आपल्या सत्तेसाठी वाद शोधत फिरतात, ही जोडही दिली. मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने चालवलेल्या स्त्रियांच्या शरियत अदालतींकडे जाणारी स्त्री कौटुंबिक न्यायालय, पोलीस ठाण्यातला महिला कक्ष आणि काझी हेही पर्याय हाताशी ठेवते. तिच्या दृष्टीने बहुलता ही सौदा करण्याची थोडीशी जागा असते. जातपंचायतीपुढे उभ्या केलेल्या कुटुंबाला मात्र अशी जागा नसते, कारण दुसरीकडे दाद मागणे हाच तिथला गुन्हा असतो. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीत सुरू झालेल्या आणि त्यांच्या हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नेटाने चालवलेल्या मोहिमेतून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला; बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. बहुलतेच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी बाहेर पडण्याच्या या प्रश्नाला जितके महत्त्व द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. एकच कायदा हा त्यावरचा उपायही वाटतो तितका सरळ नाही: उत्तराखंडने २०२४ मध्ये केलेल्या समान नागरी संहितेतून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत, आणि व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही, हा १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यातील मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय टीका होऊनही औपचारिकपणे रद्द झालेला नाही.

बहिष्काराचा प्रश्न तर मुंबईतूनच जगाला जोडला गेला आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कारबंदीचा कायदा केला होता; दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धार्मिक कारणास्तव समाजातून काढणे हा धर्मव्यवहार चालवण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे असे बहुमताने सांगून तो कायदा घटनाबाह्य ठरवला. व्यापारानिमित्त पूर्व आफ्रिका, आखाती देश आणि युरोप-अमेरिकेत पसरलेल्या या समाजाचे धर्मपीठ मुंबईत आहे, त्यामुळे येथे घेतलेल्या निर्णयाचा परिणाम नैरोबीतल्या कुटुंबाच्या विवाहावर किंवा दफनावर होऊ शकतो, तर २०१६ च्या कायद्याचा अंमल महाराष्ट्राच्या सीमेपाशी संपतो. १९६२ च्या निकालाचा फेरविचार मागणारी याचिका १९८६ पासून प्रलंबित आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवली.